बारांकोचा चौक आणि समुद्राकडे उतरणारी वाट

पेरू देशाची राजधानी लिमा प्रशांत महासागराच्या काठी आहे, पण ती पाण्याला टेकून वसलेली नाही. शहर वर, कड्यावर आहे, आणि समुद्र खाली आहे. या शहराच्या दक्षिण भागात, मिराफ्लोरेस आणि चोरियोस या दोन वस्त्यांच्या मधे, बारांको नावाची एक वस्ती आहे. क्षेत्रफळ तीन चौरस किलोमीटरांहून थोडेसेच अधिक, म्हणजे अर्ध्या दिवसात पायी फिरून होईल एवढे. तरीही लिमातले कवी, चित्रकार, गवई, छायाचित्रकार आणि त्यांच्या संगतीत रमणारी माणसे गेली शंभर वर्षे याच वस्तीकडे ओढली गेली आहेत. बारांकोच्या मुख्य चौकाला तिथे पालिकेची बाग म्हणतात, कारण त्याच्या मधोमध झाडे, हिरवळ आणि बाके आहेत. पण ग्रंथालय, चर्च, उपाहारगृहे आणि रस्ते ज्या रीतीने त्याच्या चारही बाजूंना उभे आहेत, ती रीत पूर्णपणे चौकाची आहे.

या चौकाविषयी माझे एकच म्हणणे आहे, आणि ते आधीच सांगून टाकतो. चौकाच्या मध्यभागी उभे राहून तो कळत नाही. त्याच्या समुद्राकडच्या अंगाला एक घळ सुरू होते, ती थेट पाण्यापर्यंत उतरते, आणि ती घळ उतरून पुन्हा वर चढून आल्यावर मगच चौकातली प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी का आहे ते उमगते. जुन्या नाशकात वाढलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. आमचेही गाव टेकड्यांवर वसलेले आहे, आणि मेन रोड, सराफ बाजार, दहीपूल यांच्या आजूबाजूच्या गल्ल्यांतून पाय सैल सोडले तर ते आपोआप गोदाघाटाकडेच नेतात. वरची बाजारपेठ आणि खालचे पाणी यांना जोडणारा उतार हाच अशा गावाचा कणा असतो.

मी पेरूला गेलो तो द्राक्षांसाठी. आमच्या जिल्ह्यातल्या काही बागायतदारांचा एक अभ्यासगट इका भागातल्या द्राक्षबागा पाहायला निघाला होता, त्यांच्याबरोबर मीही गेलो. पेरू हा आज जगातल्या सर्वांत मोठ्या द्राक्ष निर्यातदार देशांपैकी एक आहे आणि युरोपच्या बाजारात त्याचा माल आमच्या मालाच्या जोडीने, बहुतेक वेळा आमच्या आधी पोहोचतो, त्यामुळे तिथली बाग पाहणे ही हौस नव्हती, गरज होती. त्या बागांविषयी स्वतंत्रपणे लिहावे लागेल. इथे एवढेच की जाताना आणि परतताना लिमात मोकळा वेळ मिळाला, आणि तो मी जवळजवळ सगळा बारांकोत घालवला. दिंडोरीकडचे एक ज्येष्ठ बागायतदार माझ्यासोबत असत. त्यांना आम्ही सगळेच अण्णा म्हणतो.

चौकात शिरताच प्रथम डोळ्यांत भरते ती ग्रंथालयाची इमारत. १९२० च्या दशकातली, लालसर रंगाची, मनोऱ्याची, आकाराने फार मोठी नव्हे, पण चौकाच्या एका बाजूवर पूर्ण हुकमत असलेली. मानुएल बेइंगोलेआ या पेरूच्या कथालेखकाचे नाव या ग्रंथालयाला दिलेले आहे. एखाद्या वस्तीच्या सर्वांत मोक्याच्या जागी, जिथे आमच्याकडे हमखास एखादे व्यापारी संकुल उभे राहिले असते, तिथे पालिकेचे ग्रंथालय असावे आणि शंभर वर्षे त्याला कोणी हलवू नये, ही मला या चौकातली सर्वांत आदराची गोष्ट वाटली. आत गेलो तेव्हा लांब टेबलांवर शाळेची मुले गृहपाठ करत होती आणि एक वृद्ध गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते. बाहेर ग्रंथालयासमोर पांढऱ्या संगमरवराचा एक स्त्रीपुतळा आहे, त्याच्या आसपास लहान मुले धावत होती, आणि त्यांचा आवाज आत स्पष्ट ऐकू येत होता. पण वाचणाऱ्यांपैकी कोणीही मान वर करत नव्हते.

नाशकाचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे. बारांको ही स्वतंत्र पालिका म्हणून १८७४ मध्ये अस्तित्वात आली, म्हणजे आमचे वाचनालय त्या सबंध पालिकेपेक्षा वयाने मोठे आहे. आमच्या वाचनालयाने सरकारवाड्यातही दिवस काढले आहेत, आणि सरकारवाड्याच्या पायऱ्यांवरून गोदावरीचे पात्र किती जवळ आहे हे नाशिककरांना सांगायला नको. ग्रंथालय आणि पाणी यांचे असे शेजार मला दोन्ही गावांत सापडले, आणि त्याचा आनंद मी लपवणार नाही.

चौकाच्या दुसऱ्या अंगाला पवित्र क्रूसाचे चर्च आहे. २४ मे १९४० रोजी लिमाला मोठा भूकंप झाला, त्यात जुने चर्च मोडले आणि आज दिसते ते त्यानंतर उभे राहिले आहे. मला ते वास्तू म्हणून विशेष वाटले नाही. पण रविवारी सकाळची प्रार्थना संपल्यावर त्याच्या दारातून माणसे बाहेर पडतात आणि सरळ घरी न जाता चौकातल्या बाकांवर पसरतात, ते दृश्य अवश्य पाहावे. आजी-आजोबा सावलीची बाके आधी धरतात. मधली पिढी उभ्यानेच बोलत राहते. फुगेवाला, आइस्क्रीमवाला, बूटपॉलिश करणारा, असे सगळे आपापल्या ठरलेल्या जागी येऊन थांबतात. या बाकांवर बसण्यासाठी काहीही विकत घ्यावे लागत नाही. हे वाक्य साधे आहे, पण आपल्या शहरांत संध्याकाळी कुटुंबासह बसण्याच्या जागा मोजायला घेतल्या, तर ज्यांना पैसे लागत नाहीत अशा किती उरतात, याचा विचार प्रत्येकाने आपल्या गावापुरता करून पाहावा. नाशकात मला गोदाघाट आठवतो, यशवंतराव महाराज पटांगण आठवते, जिथे उन्हाळ्याच्या संध्याकाळी वसंत व्याख्यानमालेला कोणीही यावे, बसावे, ऐकावे आणि उठून जावे. बाकी आमचे चौक म्हणजे सिग्नल आणि वाहने झाले आहेत.

बारांको कलावंतांचे कसे झाले, याचे उत्तर चौकाभोवतीच्या घरांमध्ये आहे. १८५८ मध्ये लिमा ते चोरियोस रेल्वे सुरू झाली आणि ती या वस्तीतून जात असल्यामुळे लिमातल्या श्रीमंतांना, तिथे स्थायिक झालेल्या इंग्रज आणि जर्मन व्यापाऱ्यांना, उन्हाळ्यात समुद्रस्नानासाठी इथे येऊन राहणे सोपे झाले. त्यांनी बंगले बांधले. उंच दारे, लोखंडी जाळीच्या खिडक्या, लाकडी सज्जे, मागे बाग. १९०४ मध्ये विजेची ट्राम आली आणि उन्हाळी वस्ती बारमाही झाली. पुढे भूकंपांनी घरांना तडे दिले, शहर इतर दिशांना वाढले, धनिक कुटुंबे नव्या वस्त्यांकडे निघून गेली, १९६५ मध्ये ट्रामही बंद पडली, आणि मागे राहिल्या त्या मोठमोठ्या खोल्यांच्या, पडझड झालेल्या, म्हणून कमी भाड्याच्या जागा. चित्रकाराला उंच छताची खोली लागते आणि त्याच्याकडे पैसे नसतात. तो इथे आला, त्याच्या मागोमाग गाणारे आले.

अर्थात कवी त्याआधीही होते. होसे मारिया एगुरेन हा पेरूच्या आधुनिक कवितेतला मोठा कवी आयुष्याचा बराच काळ बारांकोत राहिला. त्याचा जन्म १८७४ चा, म्हणजे पालिकेच्या स्थापनेच्याच वर्षातला, आणि मृत्यू १९४२ चा. तो जलरंगात चित्रे काढी आणि स्वतः बनवलेल्या इवल्याशा कॅमेऱ्याने तितकीच इवली छायाचित्रे घेई. शब्द, रंग आणि छायाचित्र या तिन्ही गोष्टी एकाच अबोल माणसात नांदत होत्या. आजच्या बारांकोत या तिन्हींची स्वतंत्र घरे आहेत. मारियो तेस्तिनो या जगप्रसिद्ध छायाचित्रकाराने २०१२ मध्ये एका जुन्या बंगल्याची डागडुजी करून तिथे आपले संग्रहालय उघडले, आणि पुढच्याच वर्षी समकालीन कलेचे संग्रहालयही याच वस्तीत सुरू झाले. दोन्ही पाहण्याजोगी आहेत, पण चौकात बसण्याचा वेळ कापून ती पाहू नयेत असे माझे प्रामाणिक मत आहे.

या जुन्या घरांच्या भिंती हा माझ्यासाठी वेगळाच विषय ठरला. एका घराचे काम चालू होते आणि वरच्या मजल्याचा गिलावा पडून आतले अंग उघडे झाले होते. लाकडाची चौकट, तिच्यात आडवे-उभे विणलेले बोरू आणि त्यावर मातीचा लेप. तिथे या बांधकामाला किंचा म्हणतात. अण्णांनी जवळ जाऊन हात लावला आणि म्हणाले, "अरे, ही तर आपली कुडाची भिंत! आमच्या मळ्यातलं जुनं घर अस्संच होतं." त्यांचे निरीक्षण अगदी बरोबर होते. १७४६ च्या भीषण भूकंपात लिमा जवळजवळ पूर्ण कोसळल्यानंतर वरच्या मजल्यांना विटांऐवजी कुडाच्या भिंती घालण्याचा दंडक पडला, कारण कूड हलतो, वाकतो, पण माणसाच्या अंगावर वीट होऊन पडत नाही. आमच्याकडे कूड हे गरिबीचे लक्षण मानले गेले, आणि तिकडे श्रीमंतांच्या बंगल्यांनी तो अभिमानाने वापरला.

अण्णांनी आणखी एक गोष्ट टिपली. चौकातून दिसणाऱ्या जवळजवळ सगळ्या घरांची छपरे सपाट होती. "पाणी कुठनं जातं मग?" असे त्यांनी विचारले. पाणी जात नाही, कारण ते येतच नाही. लिमात वर्षाकाठी जो पाऊस पडतो तो मिलिमीटरांत मोजला तरी दोन बोटांपलीकडे सहसा जात नाही. समुद्रातून वाहणारा हम्बोल्ट नावाचा थंड प्रवाह किनाऱ्यावरची हवा गार ठेवतो, त्या गार हवेवर उबदार हवेचे झाकण बसते, ढग तयार होतात पण उंच वाढू शकत नाहीत, आणि म्हणून जून ते सप्टेंबर या त्यांच्या हिवाळ्यात शहरावर महिनोन्‌महिने करडे आभाळ असते, अंगाला जाणवेल न जाणवेल अशी भुरभुर होते, पण पाऊस पडत नाही. त्या भुरभुरीला ते गारुआ म्हणतात. मातीच्या भिंतींची शंभर-सव्वाशे वर्षांची घरे तिथे उभी राहू शकली याचे मोठे कारण हेच आहे. नाशकात दर पावसाळ्यात जुन्या वाड्यांच्या भिंती खचल्याच्या बातम्या येतात, माणसे जखमी होतात, आणि आणखी एक वाडा उतरवला जातो. बारांकोतले जतनाचे काम पाहून आपल्या वाड्यांविषयी हळहळ वाटणे स्वाभाविक आहे, पण आपल्या वाड्यांना चार महिन्यांचा पाऊस सोसावा लागतो, हे विसरून तुलना करणे त्या वाड्यांवर अन्याय होईल.

संध्याकाळ होऊ लागली की चौकाच्या कडेला खाण्याच्या गाड्या लागतात. गुरांच्या हृदयाचे तुकडे सळीवर भाजून विकतात, त्या वासाने अण्णा जरा लांबून चालले. पण पिकारोनेस मात्र आम्ही दोघांनी मनापासून खाल्ले. भोपळा आणि रताळे शिजवून पिठात मिसळतात, ते पीठ आंबवतात, मग ओल्या बोटांनी त्याची कडी करून उकळत्या तेलात सोडतात, आणि तळून निघाली की वर गुळाचा पातळ पाक ओततात. पाकात दालचिनी आणि लवंग असते. बोटाने कडे करून तेलात सोडण्याची त्या गाडीवरच्या बाईंची सफाई पाहत आम्ही बराच वेळ उभे राहिलो. पाक चाखून अण्णा म्हणाले, "काकवी आहे रे ही, नुसती काकवी." चव खरोखर तशीच होती.

आता उताराकडे वळू. चौकातून समुद्राच्या दिशेने काही पावले चालले की जमीन एकदम दुभंगते आणि खाली झाडांनी भरलेली घळ दिसते. या घळीतून फरसबंदीची, पायऱ्यांची वाट समुद्राकडे उतरते. तिचे नाव बाहादा दे बान्योस, म्हणजे स्नानाला जाण्याचा उतार. कोळी याच वाटेने खाली जात, नंतर उन्हाळ्यात आलेली श्रीमंत कुटुंबे स्नानासाठी याच वाटेने उतरली, आणि त्यांच्यासाठी वाटेच्या दोन्ही बाजूंना जी घरे बांधली गेली त्यांत आज खानावळी, चित्रकारांच्या कार्यशाळा आणि छोटी दुकाने आहेत. चौक या उताराच्या माथ्यावर आहे. माणसे पाण्यावर जायला निघण्याआधी जिथे जमत आणि चढून आल्यावर जिथे दम खात, तिथेच तो वाढला. रामकुंडावरून स्नान करून वर येणारी माणसे आजही ज्या पायऱ्यांवर टेकतात, तिथे बसून मी कितीतरी वेळा हेच पाहिले आहे.

घळीच्या दोन काठांना जोडणारा एक लाकडी पूल आहे, आणि बारांकोचे नाव सर्वदूर गेले ते या पुलामुळे. पुएन्ते दे लोस सुस्पिरोस, म्हणजे उसाशांचा पूल. १४ फेब्रुवारी १८७६ रोजी तो खुला झाला. लांबी ४४ मीटर, रुंदी अवघी ३ मीटर, आणि खालच्या वाटेपासूनची उंची साधारण साडेआठ मीटर. आकडे पाहिले तर यात जगावेगळे काही नाही. पण दोन्ही बाजूंच्या जुन्या वडाच्या जातीच्या झाडांनी त्याच्यावर फांद्या टाकल्या आहेत, बोगनवेल घरांवरून लोंबते आहे, खालून माणसांच्या बोलण्याचा आवाज वर येतो आहे, आणि पुलाच्या मध्यावर उभे राहिले की एका बाजूला चौकाची गजबज आणि दुसऱ्या बाजूला घळीच्या तोंडाशी समुद्राचा करडा तुकडा दिसतो. पहिल्यांदा पूल ओलांडणाऱ्याने श्वास रोखून, मनात इच्छा धरून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले तर ती इच्छा पुरी होते, अशी तिथली समजूत आहे. चव्वेचाळीस मीटर श्वास रोखून चालणे अवघड नाही. अवघड असते ते समोरून येणाऱ्या प्रेमी जोडप्यांच्या, छायाचित्रे काढणाऱ्यांच्या आणि लहान मुलांच्या गर्दीतून न थांबता जाणे. अण्णांनी ते केले. त्यांनी कोणती इच्छा धरली हे मी विचारले नाही, पण द्राक्षांचा हंगाम तोंडावर होता.

पुलाच्या जवळच चाबुका ग्रांदा यांचा पुतळा आहे. १९२० मध्ये पेरूच्या डोंगराळ दक्षिणेतल्या एका खाणीच्या वस्तीत जन्मलेल्या आणि १९८३ मध्ये निवर्तलेल्या या गीतकार-गायिकेने लिमाच्या जुन्या गल्ल्या, पूल, सज्जे आणि माणसे आपल्या गाण्यांत आणली. याच पुलाविषयी त्यांनी एक वाल्ट्झ रचली, आणि ती पेरूत घराघरांत ठाऊक आहे. युरोपातून आलेला वाल्ट्झचा तीन मात्रांचा ठेका पेरूच्या किनारपट्टीवर गिटार आणि काहोन यांच्या संगतीने पूर्ण निराळा झाला. काहोन म्हणजे लाकडी खोके. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या वंशजांनी ते वाद्य घडवले. वादक त्याच्यावरच बसतो आणि पुढच्या फळीवर दोन्ही हातांनी ताल धरतो. पुतळ्याजवळच्या छोट्या मोकळ्या जागेत एक वयस्क गिटारवादक आणि एक तरुण काहोनवादक वाजवत होते. श्रोत्यांतल्या एका वृद्ध बाई मधूनच गायला उठल्या, शेजारच्यांनी धृपद उचलले, आणि गाणे संपल्यावर त्या परत आपल्या जागी बसून पिशवीतली भाजी नीट करू लागल्या. गाणे तिथे कार्यक्रम म्हणून होत नाही. ज्याला येते तो गातो. कलावंतांची वस्ती म्हणून जे काही बारांकोविषयी लिहिले जाते, त्यातले सर्वांत खरे मला त्या वेळी दिसले.

पूल ओलांडला की एर्मिता नावाचे छोटे चर्च लागते. बारांकोचा आरंभ इथून सांगतात. दंतकथा अशी की धुक्यात दिशा हरवलेल्या कोळ्यांना कड्यावर एक उजेड दिसला, त्या रोखाने होड्या वल्हवत ते सुखरूप किनाऱ्याला लागले, आणि कृतज्ञता म्हणून त्यांनी उजेड दिसला त्या जागी क्रूस उभारून देऊळ बांधले. गारुआच्या दिवसांत लिमाचा समुद्र ज्याने पाहिला आहे त्याला या कथेत धुके का आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. एर्मिताने खूप सोसले आहे. १८७९ मध्ये चिलीशी युद्ध पेटले, जानेवारी १८८१ मध्ये चिलीचे सैन्य दक्षिणेकडून लिमावर चालून आले, १३ तारखेला चोरियोसजवळ आणि १५ तारखेला मिराफ्लोरेसजवळ लढाया झाल्या, आणि या दोहोंच्या मधे सापडलेले बारांको जाळले गेले. चर्च जळले, पूलही जळला. दोन्ही पुन्हा बांधले. मग १९४० च्या भूकंपाने चर्चला धक्का दिला, १९७४ च्या भूकंपाने आणखी खिळखिळे केले, आणि त्यानंतर ते अनेक दशके बंद राहिले. मी पाहिले तेव्हा दर्शनी भाग रंगवलेला, नीटनेटका होता, पण बाजूच्या वाटेने मागे गेल्यावर छपराच्या उघड्या फासळ्या दिसत होत्या आणि त्यांवर काळी गिधाडे ओळीने बसली होती. ही गिधाडे लिमात सर्रास दिसतात आणि त्यांची ती नेहमीची जागा आहे. आमच्याकडे गिधाड दिसणेच आता दुर्मीळ झाले आहे, त्यामुळे मी त्यांच्याकडे भक्तिभावानेच पाहत राहिलो.

चर्चच्या मागून जाणारी अरुंद वाट कड्याच्या टोकावरच्या सज्जाकडे नेते. तिथून दक्षिणेला चोरियोसचा मोरो सोलार हा डोंगर दिसतो आणि त्याच्यावर रात्री दिव्यांनी उजळणारा मोठा क्रूस दिसतो. पेरूत १९८० च्या दशकात दहशतवाद्यांनी विजेचे मनोरे पाडून शहर अंधारात टाकण्याचे सत्र चालवले होते. पाडलेल्या त्या मनोऱ्यांच्या लोखंडातून, पोप दुसरे जॉन पॉल यांच्या १९८८ च्या भेटीच्या वेळी, हा क्रूस उभारला गेला. कोळ्यांची कथा नुकतीच ऐकून आलेल्या माणसाला समोर कड्यावर खरोखरच उजळलेला क्रूस दिसावा, हा योग मला फार मोलाचा वाटला.

पुलाखालच्या वाटेने थेट तळापर्यंत उतरले की मात्र थोडी निराशा होते. कड्याच्या पायथ्याशी आता वेगवान मोटारींचा रुंद रस्ता आहे आणि समुद्रावर जायला त्याच्यावरचा पादचारी पूल ओलांडावा लागतो. किनारा गोट्यांचा आणि वाळूचा, पाणी थंडगार. लाटांवर फळी घेऊन खेळणारी मुले रबरी पोशाख घालून आत शिरतात. आम्ही पाय भिजवले आणि परत फिरलो. उतार आणि पाणी यांच्या मधे रस्ता घुसला की काय होते ते नाशिककरांना नीट कळते, कारण गोदावरीच्या पात्रातले काँक्रीट काढा, बुजलेली कुंडे मोकळी करा, ही मागणी आमच्याकडे नदीवर प्रेम करणारी माणसे वर्षानुवर्षे करत आली आहेत. बारांकोने वरचे सगळे जपले आणि पाण्याशी असलेला शेवटचा दुवा वाहनांना देऊन टाकला, हे मला मनापासून खटकले.

आणखी एक काळजी तिथल्या लोकांच्या बोलण्यात आली. चौकाला लागून सांचेस कारियोन नावाची एक पायी चालण्याची गल्ली आहे, तिच्यात मद्यालये आणि नाचगाण्याचे क्लब दाटीने भरले आहेत. शुक्रवार-शनिवारी रात्री तिथला आवाज चौकातल्या बाकांवर बोलणे अशक्य करतो. जुन्या बंगल्यांची हॉटेले होत आहेत, भाडी वाढत आहेत, आणि ज्या चित्रकारांमुळे वस्तीला नाव मिळाले त्यांनाच ती परवडेनाशी होत आहे. आमच्या वाटाड्याने सांगितले की त्याच्या ओळखीचे अनेक कलावंत चोरियोसकडे सरकले आहेत. कमी भाड्याने जे घडवले ते वाढत्या भाड्याने मोडू नये म्हणून पालिकेने आपली जागा आपल्याकडे राखणे हाच मला दिसणारा एक उपाय आहे, आणि त्या दृष्टीने चौकातले ग्रंथालय, बाके आणि उतार या तिन्ही गोष्टी अजून सार्वजनिक आहेत, ही बारांकोची खरी पुंजी आहे.

कोणी नाशिककर द्राक्षांच्या किंवा इतर कामाने लिमाला जाणार असेल, तर मेट्रोपोलितानो या बससेवेने बुलेवार स्थानकावर उतरावे. तिथून चौक चालत काही मिनिटांवर आहे. शनिवार टाळावा, मधला एखादा दिवस धरावा आणि दुपारी चारच्या सुमारास पोहोचावे. आधी ग्रंथालयात डोकावावे, मग पूल, मग एर्मिता आणि कड्यावरचा सज्जा, आणि उजेड असेपर्यंत खाली समुद्रापर्यंत जाऊन यावे. हिवाळ्यात गेल्यास सूर्यास्त दिसण्याची आशा धरू नये, डिसेंबर ते मार्च या काळात तो हमखास दिसतो, आणि आपला निर्यातीचा हंगाम सुरू होण्याआधी डिसेंबरातच जाणे सोयीचे पडते. चढून आल्यावर चर्चच्या बाजूची बाके मिळतात का ते पाहावे, कारण गाड्यांवरचे पिकारोनेस गरम असतानाच खायचे असतात आणि ते उभ्याने खाताना पाक हातावरून मनगटापर्यंत ओघळतो.